लावणीआधीची सुई : गुडघ्याचा उसना आराम



मिरगाच्या सरी पडल्या, राबात पेरणी झाली, की आमच्या कोलाड भागात दोन ठिकाणी गर्दी दिसू लागते. एक बी-खताच्या दुकानात आणि दुसरी सुई मारणाऱ्याच्या दारात. "साहेब, लावणी तोंडावर आली. गुडघ्यात एक सुई मारून घेतो, म्हणजे हंगाम निभावतो," हे वाक्य मी आंबेवाडी नाक्यावर ऐकले आहे, बांधावर ऐकले आहे आणि ग्रामपंचायतीच्या ओट्यावरही ऐकले आहे. सांगणारे बहुतेक पन्नाशीच्या पुढचे, आणि त्यात बायामाणसे जास्त. कालव्याला पाणी आले तर पौष-माघात उन्हाळी भाताची लावणी, म्हणजे सुईचा हंगामही वर्षातून दोनदा.

मी डॉक्टर नाही. शेतीची पदविका घेऊन शेती खात्यात लागलेला माणूस. तेव्हा गुडघ्यावर लिहायचा याला काय अधिकार, असे कोणी विचारले तर ते रास्तच आहे. पण ज्या खात्याने तुम्हाला सुधारित बियाणे सांगितले, खताची मात्रा सांगितली, त्याच खात्याच्या माणसाला रोज दिसते की बियाणे आहे, खत आहे, पाऊस आहे, आणि खाचरात उतरायला घरधनिणीचा गुडघा तयार नाही. नांगर मोडला तर भाड्याने मिळतो. गुडघा भाड्याने मिळत नाही. म्हणून गेल्या काही महिन्यांत डॉक्टरांना विचारून, वाचून जे पक्के समजले, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी दुखणे ओळखा

गुडघ्यात मांडीचे हाड आणि नडगीचे हाड एकमेकांवर बसते. दोन्हींच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो आणि सांध्यात थोडा चिकट द्रव असतो, ज्याला आपण वंगण म्हणतो. वय, वजन, जुनी इजा, घराण्यातला वारसा आणि वर्षानुवर्षांचे उकिडवे बसणे, ओझी वाहणे यांमुळे ही कूर्चा पातळ होते, हाडाच्या कडांना कंगोरे येतात, आतल्या अस्तराला सूज येते, आणि मांडीचे स्नायू वापर कमी झाल्याने दुबळे पडतात. "वाटी झिजली" असे आपण म्हणतो ते हेच. पाळी गेल्यानंतर बायकांत हे प्रमाण वाढते.

हे दुखणे तुमच्या-माझ्या गावापुरते नाही. घाटापलीकडे, पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातल्या भिगवण गावी १९९६ साली पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या एका कार्यक्रमाचा तो भाग होता. ४,०९२ प्रौढांना विचारले, तेव्हा ७४६ जणांना सांध्यांची किंवा स्नायूंची तक्रार निघाली. म्हणजे शंभरात अठरा. सांध्यांची झीज शंभरात पाच-सहा जणांना होती. भिगवण हे आपल्यासारखेच शेतीचे गाव. तेव्हा गुडघा धरून बसलेली माणसे आळशी आहेत, सुनेला कामाला लावायला सोंग करतात, असे घरात कोणी म्हणत असेल तर त्याला ही पाहणी सांगा.

मात्र प्रत्येक गुडघेदुखी म्हणजे झीज नव्हे. गुडघा एकाएकी लाल, गरम झाला आणि ताप आला, पडल्यावर पायावर भारच देता येईना, गुडघा मध्येच अडकून बसू लागला, किंवा हाताच्या बोटांचे सांधेही सुजून सकाळी तासभर आखडू लागले, तर ते दुखणे वेगळे आहे. तिथे सुईचा विचार करण्याआधी डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. माती तपासल्याशिवाय खत घालू नका असे आम्ही सांगतो, त्यातलीच ही गोष्ट.

सुया तीन, गुण वेगवेगळे

गावात "गुडघ्यातली सुई" हा एकच शब्द आहे. प्रत्यक्षात ती तीन निरनिराळ्या औषधांची असते आणि तिघींचे दर व गुण वेगळे आहेत.

पहिली स्टिरॉइडची. ट्रायअ‍ॅमसिनोलोन किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन अशी औषधांची नावे असतात. कॉर्टिसोनवरच्या कामाला १९५० साली नोबेल पारितोषिक मिळाले आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत डॉ. हॉलंडर यांनी सांध्यात थेट हायड्रोकॉर्टिसोन टोचण्याचे अनुभव प्रसिद्ध केले. म्हणजे ही पद्धत सत्तर वर्षांहून जुनी आहे आणि आजही मान्य आहे. हे औषध अस्तराची सूज उतरवते. काही दिवसांत ठणका कमी होतो, आणि आराम साधारण चार ते सहा आठवडे, कोणाला त्याहून थोडा अधिक टिकतो. औषधही स्वस्त. पण त्याने कूर्चा पुन्हा उगवत नाही. एवढी ओळ लक्षात ठेवा, बाकी सगळे तिच्यातून निघते.

दुसरी "वंगणाची" किंवा जेलची सुई. तिच्यात हायलुरॉनिक आम्ल असते. सांध्यातल्या द्रवाला चिकटपणा देणारा हाच पदार्थ. पूर्वी तो कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढत, काही कंपन्या आजही काढतात, तर काही जिवाणूंच्या साहाय्याने तयार करतात. म्हणून कोंबडी-अंड्याची अ‍ॅलर्जी असणाऱ्याने ते आधी सांगावे. ही सुई हजारो रुपयांना पडते. "वंगण संपले, वंगण भरले" हे पॉवर टिलरच्या मालकाला चटकन पटते, म्हणून ती खपतेही भरपूर. पण गुडघा म्हणजे बेअरिंग नव्हे. २०२२ साली जगभरातल्या चाचण्या एकत्र करून तपासल्या गेल्या, तेव्हा खाऱ्या पाण्याच्या सुईपेक्षा तिचा फायदा इतका थोडा निघाला की रोग्याला तो जाणवूही नये. त्याच साली इंग्लंडच्या सरकारी वैद्यकीय मार्गदर्शनानेही झिजेच्या दुखण्याला ही सुई देऊ नये असे पुन्हा सांगितले.

तिसरी "आपल्याच रक्ताची", पीआरपी. हातातून रक्त काढायचे, यंत्रात फिरवून त्यातला बिंबाणूंचा म्हणजे प्लेटलेटचा भाग वेगळा करायचा आणि गुडघ्यात टोचायचा. हीही महाग. काही चाचण्यांत तिचा फायदा दिसला आहे. पण ऑस्ट्रेलियात २८८ जणांवर नीट आखून चाचणी झाली आणि २०२१ मध्ये तिचा निकाल आला, तेव्हा वर्षअखेरीला पीआरपी घेतलेले आणि नुसते मिठाचे पाणी टोचलेले यांच्या दुखण्यात म्हणण्यासारखा फरक निघाला नाही.

तुम्ही म्हणाल, मग मिठाच्या पाण्याने बरे वाटलेच कसे? कारण दुखणे मुळातच कमी-जास्त होत असते. फार वाढते तेव्हा आपण सुईकडे जातो, आणि ते पुढे आपसूक थोडे उतरतेच. शिवाय सुई घेतल्याचा विश्वासही काम करतो. म्हणून तर नवे वाण तपासताना आम्ही शेजारी जुन्या वाणाची ओळ लावतो. शेजारी तुलनेची ओळ नसेल तर प्रत्येक वाण चांगलेच दिसते. "आमच्या व्याह्याला फरक पडला" हा शेजारी ओळ नसलेला प्लॉट आहे.

पुन्हा पुन्हा टोचले तर

स्टिरॉइडच्या सुईने महिना-दीड महिना बरा जातो, मग दर तीन महिन्यांनी का घेऊ नये? हाच प्रश्न अमेरिकेतल्या डॉक्टरांनी विचारला. गुडघ्याची झीज आणि सूज असलेल्या १४० जणांचे दोन गट केले. एका गटाला दर तीन महिन्यांनी स्टिरॉइड, दुसऱ्याला मिठाचे पाणी, असे दोन वर्षे चालले. २०१७ मध्ये निकाल आला. दोन वर्षांनंतर दोन्ही गटांच्या दुखण्यात फरक नव्हता, आणि स्टिरॉइड घेतलेल्यांची कूर्चा मात्र जास्त पातळ झाली होती.

आपल्या भाषेत सांगायचे तर नुसत्या युरियावर काढलेले पीक. पात हिरवीगार दिसते, जमीन आतून उतरत जाते. एखाद्या वेळी दिलेला हप्ता वाईट नाही, सवय वाईट. म्हणूनच एका गुडघ्यात दोन सुयांमध्ये निदान तीन महिन्यांचे अंतर असावे आणि वर्षाला तीन-चारच्या वर त्या जाऊ नयेत, असे डॉक्टर सांगतात. कमीत कमी घ्याव्यात हे तर आहेच.

दुसरी एक चाचणी याहून महत्त्वाची आहे. १५६ जणांपैकी निम्म्यांना स्टिरॉइडची सुई आणि निम्म्यांना व्यायामोपचार, म्हणजे फिजिओथेरपी दिली. निकाल २०२० साली प्रसिद्ध झाला. वर्ष संपताना व्यायामवाल्यांचे दुखणे आणि अडचण सुईवाल्यांपेक्षा स्पष्टपणे कमी होती. व्यायामाला बाटली नाही, वेष्टन नाही, म्हणून त्याची जाहिरात कोणी करत नाही.

घरातली गोष्ट

हे सगळे मी पुस्तकातून सांगतो आहे असे वाटू नये म्हणून घरातले सांगतो. माझी आत्या साठीची. दीड एकर भात आणि मागाहून वाल. दोन्ही गुडघे धरलेले. तीन वर्षांपूर्वी लावणीच्या तोंडावर ती शेजारणीबरोबर एका सुई देणाऱ्याकडे गेली. तो बाजाराच्या दिवशी येई आणि एका खोलीत बसे. त्याने गुडघ्यात एक सुई दिली, कमरेत एक दिली, आणि पुडीत कसल्याशा गोळ्या दिल्या. चिठ्ठी नाही, औषधाचे नाव नाही. आत्याला तिसऱ्या दिवशी असे बरे वाटले की तिने आठ दिवस लावणी रेटली. पंधरा दिवसांनी ती पुन्हा गेली. गावात तिचे बघून आणखी चार बायका गेल्या.

आत्याला साखरेचा आजार आहे. त्याने विचारले नाही, तिनेही सांगितले नाही. महिन्याभरात तिला सारखी तहान, सारखे लघवीला, डोळ्यापुढे अंधारी. रुग्णालयात नेली तेव्हा साखर भलतीच चढलेली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कुठले औषध दिले होते?" आमच्यापैकी कोणालाच उत्तर देता आले नाही. फवारणीच्या औषधाचा डबा जपून ठेवा, विषबाधा झाली तर डॉक्टरांना दाखवता येतो, असे गावोगाव सांगत फिरणारा मी. माझ्याच घरात औषधाची चिठ्ठी नव्हती. ती लाज अजून गेलेली नाही.

आत्या सावरली. पण त्या वर्षी जो उसना आराम तिने घेतला, त्यावर तिने मिळेल तेवढी लावणी करून घेतली आणि गुडघा होता त्याहून वाईट केला. दुखणे ही गुडघ्याची हाक असते. हाक बंद झाली म्हणून दुखापत थांबत नाही.

सुई घ्यायचीच असेल तर

सुई घेऊच नका असे मी म्हणत नाही. सूज आलेला, रात्री झोपू न देणारा गुडघा असेल, तर योग्य डॉक्टरांनी योग्य वेळी दिलेली स्टिरॉइडची सुई हा मान्य उपचार आहे. पण घेण्याआधी एवढे पाहा :

१. देणारा नोंदणीकृत डॉक्टर आहे ना? शक्यतो हाडांचा. रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा अलिबागच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात आधी दाखवा. ओळखीच्याने आणलेल्या "मुंबईच्या डॉक्टर"च्या खोलीत नको.

२. औषधाचे नाव, मात्रा आणि तारीख चिठ्ठीवर लिहून घ्या. चिठ्ठी देत नसेल तर उठून या. पुढच्या डॉक्टरला ती दाखवावी लागते.

३. मधुमेह असेल तर आधी सांगा. सांध्यातल्या सुईनेही साखर काही दिवस चढते, तेव्हा आठवडाभर ती तपासत राहावी लागते. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर तेही सांगा.

४. ताप असेल, गुडघ्याजवळ जखम, गळू किंवा चिखल्या चिघळलेल्या असतील, तर सुई घेऊ नका. बाहेरचे जंतू सांध्यात गेले तर सांधा नासतो. असे क्वचित होते, पण होते तेव्हा सांध्यावर आणि कधी जिवावरही बेतते.

५. सुई आणि सिरिंज तुमच्यासमोर नवी फोडलेली हवी, कातडी औषधाने नीट पुसलेली हवी.

६. घेतल्यावर निदान दोन दिवस चिखलात उतरू नका, ओझे उचलू नका. पहिले एक-दोन दिवस ठणका वाढू शकतो. पण त्यानंतर गुडघा लाल-गरम होऊन सुजला, ताप आला, तर लावणी टाका आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

७. गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया ठरत असेल तर आधीच्या तीन महिन्यांत त्या गुडघ्यात सुई नको. जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

आणि कमरेत किंवा दंडात देणारी "दुखण्याची सुई", नाव नसलेल्या पुड्या, "शंभर टक्के आयुर्वेदिक" म्हणून विकलेली बिनलेबलची भुकटी यांपासून लांब राहा. असल्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले पुष्कळदा सापडले आहे. ते महिनोन्‌महिने पोटात गेले तर हाडे ठिसूळ होतात, साखर व रक्तदाब चढतो, चेहरा सुजतो, आणि एकदम बंद केले तर माणूस कोसळतो. लावणीच्या दिवसांत उपाशीपोटी दुखण्याच्या गोळ्या खाणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावे, त्या पोट आणि मूत्रपिंड दोन्ही बिघडवतात. गोळीआधी गुडघ्यावर चोळायचे मलम डॉक्टरांना विचारून वापरून पाहा.

मिळालेली सवड कशात घालवायची?

सुईने मिळालेले पाच-सहा आठवडे ही उसनवारी आहे. पीककर्ज काढून लग्न केले तर काय होते ते तुम्हाला सांगायला नको. ही उसनी सवड मांडीत बळ आणण्यात घालवली तर फिटते, नाहीतर गुडघ्यावर व्याज चढत जाते.

व्यायाम साधे आहेत. गुडघ्याखाली पंचाची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची, पाच मोजायचे, सोडायचे. खुर्चीवर बसून एक पाय समोर सरळ करायचा, पाच मोजायचे, खाली घ्यायचा. मग हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठायचे, बसायचे, जमेल तेवढ्या वेळा. पहिले दोन व्यायाम प्रत्येक पायाला दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. सुरुवातीला थोडे दुखेल. वाढलेले दुखणे दुसऱ्या दिवशीही टिकून राहिले, तर व्यायाम कमी करा, सोडू नका. गुण यायला दीड-दोन महिने लागतात. भातही पेरल्या दिवशी कापत नाही आपण.

वजन जास्त असेल तर ते उतरवा. एक किलो वजन घटले की प्रत्येक पावलामागे गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो, असे मोजून सिद्ध झाले आहे. दिवसाची हजारो पावले धरा आणि हिशोब करा. भांडी, भाजी, निवडणे ही कामे उकिडवे बसून न करता ओट्यावर किंवा स्टुलावर बसून करा. शौचालयात कमोड किंवा भोक पाडलेली खुर्ची ठेवा. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

एवढे करूनही चालणेच बंद झाले तर शेवटी शस्त्रक्रिया आहे. पंतप्रधान असताना अटलबिहारी वाजपेयी यांचे दोन्ही गुडघे मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलले, एक २००० साली आणि दुसरा २००१ साली. तेव्हापासून ही शस्त्रक्रिया गावोगाव ऐकून माहीत झाली. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला मर्यादा घातली. सर्वांत जास्त वापरला जाणारा प्रकार करांशिवाय ५४,७२० रुपयांवर आणला. मात्र ही मर्यादा फक्त सांध्याच्या किमतीला आहे, रुग्णालयाचे बिल वेगळे. सरकारी आरोग्य विमा योजना २०१२ साली पहिल्यांदा सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला रायगड होता. आज ती महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना म्हणून चालते. कोणता उपचार कुठल्या रुग्णालयात बसतो ते आरोग्यमित्राला विचारा, आणि मगच पैशासाठी जमिनीकडे किंवा दागिन्यांकडे पाहा.

शेत बदला, गुडघा वाचेल

आता माझ्या खात्याचे बोलतो. ज्या कामाने गुडघा झिजवला तेच काम तसेच ठेवून नुसती सुई मारत राहणे, म्हणजे फुटका बांध न बांधता पाणी सोडत राहणे. चिखलात रुतलेला पाय दर वेळी पिळवटून उपसायचा, दिवसभर वाकायचे, कापणीला उकिडवे सरकत जायचे, वर भारा डोक्यावर. यातले किती काम टाळता येईल?

आपल्याच जिल्ह्यात नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा राईस तंत्र विकसित केले. गादीवाफे एकदा करायचे, साच्याने खुणा पाडून भात थेट टोकायचे, आणि पुढच्या वर्षी तेच वाफे न नांगरता वापरायचे. चिखलणी नाही, आवण काढणे नाही, लावणी नाही. पहिल्या महिन्यात तणाकडे डोळ्यात तेल घालून पाहावे लागते, आणि प्रत्येक खाचराला ते जमेलच असे नाही. पण घरात गुडघे धरलेली माणसे असतील, तर निदान पाच गुंठ्यांवर करून पाहायला काय हरकत आहे? ज्यांना लावणीच हवी त्यांनी चार-पाच जणांत मिळून भात लावणी यंत्राचा विचार करावा. त्यासाठी चटईवरची रोपे करावी लागतात, ती शिकवायला आम्ही येतो, किल्ला-रोह्याच्या कृषी विज्ञान केंद्रातही विचारा. तण काढायला उभ्याने ढकलायचा कोनो विडर आहे. कापणीला दापोलीच्या विद्यापीठाचा दातेरी वैभव विळा आहे, त्याने जोर कमी लागतो.

आणि घरातल्या घरात कामाची वाटणी बदला. ज्याचा गुडघा धड आहे त्याने चिखलात उतरावे. दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाने स्टुलावर बसून मुठी बांधाव्यात. बायकोचा गुडघा दुखतो म्हणून तिला सुईला नेणारे पुष्कळ आहेत, तिच्या वाटची ओळ लावणारे थोडे.

सरपंच, ग्रामसेवकांना विनंती

गावात "गुडघेदुखी शिबिर" लावायला परवानगी किंवा समाजमंदिर मागायला कोणी आला, तर तीन गोष्टी लिहून घ्या : डॉक्टरांचे नाव व वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक, कोणते औषध टोचणार, आणि नंतर त्रास झाला तर जबाबदार कोण. जागा बोगस माणसाला दिली तर त्याला गावाची सही मिळते. संशय आला तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना कळवा. मिरगाच्या आधीच्या ग्रामसभेत आरोग्य उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना बोलावून अर्धा तास हे तीन व्यायाम सगळ्यांना करून दाखवा. रेशन दुकानाबाहेर एक बाकडे आणि ग्रामपंचायतीच्या पायऱ्यांना एक लोखंडी कठडा, एवढे तर कोणत्याही गावाला परवडते.

माझी आत्या गेली दोन वर्षे सुईला गेलेली नाही. दुखणे पुरते गेलेले नाही, जाणारही नाही. पण सकाळी चहाआधी ती पंचाची गुंडाळी गुडघ्याखाली घेऊन बसते, आणि लावणीला स्टुलावर बसून मुठी बांधते. चिखलातली तिची ओळ तिचा मुलगा लावतो. पहिल्या वर्षी गाव हसले. यंदा तसली दोन स्टुले आणखी दोन शेतांत दिसली.

तेव्हा बंधू-भगिनींनो, यंदा लावणीआधी सुई घ्यायला निघालात, तर आधी विचारा : कुठले औषध, कोण देतो, आणि मिळालेल्या सहा आठवड्यांत मी काय करणार? तिन्हींची उत्तरे असतील तर अवश्य जा. एकाचेही नसेल, तर मागे फिरा आणि आरोग्य केंद्राची वाट धरा.